वर्दी बदलली, भीती गेली का?



दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी आपल्या नायगावच्या शाळांतून प्रभातफेऱ्या निघतात. झेंडा फडकतो, हुतात्म्यांची नावे घेतली जातात, मुलांना खाऊ मिळतो आणि दहा वाजेपर्यंत मोठी माणसे शेताच्या वाटेला लागतात. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आपण असा साजरा करतो आणि तो साजरा व्हायलाच हवा. पण कधी कधी एखादे लेकरू घरी येऊन असे काही विचारते की मोठ्यांना उत्तर सुचत नाही. "निजाम गेला, रझाकार गेले, मग पोलिसांची गाडी गल्लीत आली की आजी अजून दार का लावून घेते?"

वर्तमानपत्रात आपण सुदान, सीरिया, कोंगो अशा देशांच्या बातम्या वाचतो. तिथे लढाई थांबली की जाणकार सांगतात, आता पोलीस, लष्कर आणि न्यायालये सुधारली पाहिजेत, नाहीतर लढाई पुन्हा पेटेल. आपण पान उलटतो. दूरचे देश, त्यांचे ते बघून घेतील! पण हेच काम एकदा आपल्या गोदाकाठावरही करावे लागले होते आणि आपले आजी-आजोबा त्यातून गेले आहेत. म्हणून आज हा प्रश्न आपल्याच अंगणात ठेवून पाहू या. ज्या संस्थांनी लोकांना भय दिले, त्यांच्यावर लोकांनी पुन्हा विश्वास कसा ठेवावा? आणि तो विश्वास कमावण्याचे काम कोणाचे?

कागदावर सारे ठीक होते

निजामाच्या राज्यात कायदा नव्हता, असे आपण सहज बोलून जातो. ते खरे नाही. हैदराबाद संस्थानाने १९२१ साली न्यायखाते महसुली व पोलिसी कारभारापासून वेगळे केले. इंग्रजांच्या मुलुखात तेव्हा हे झालेले नव्हते. जिल्ह्याला अव्वल तालुकदार, पोलिसांवर मोहतमीम, ठाण्यात अमीन, अशी पायरीपायरीची व्यवस्था होती. जुन्या माणसांच्या तोंडून हे शब्द आपण ऐकले आहेत.

मग बिघडले कुठे? कचेरीची भाषा उर्दू आणि रयत मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी. शंभरातली पंचाऐंशी माणसे हिंदू, पण पोलीस आणि फौजेतल्या मोठ्या जागा बहुतांशी राज्यकर्त्यांच्या समाजाकडे. संस्थानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जहागिऱ्यांत वाटलेला, आणि मोठ्या जहागिरदारांच्या हाती स्वतःचे पोलीस व न्यायनिवाड्याचे अधिकार. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच दारात दाद मागायची, अशी रयतेची गत.

त्यात भर पडली रझाकारांची. ही सरकारी फौज नव्हती. एका पक्षाची ती हत्यारबंद सेना होती आणि राज्याने तिला मोकळे रान दिले. तिचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा माणूस. कायदा शिकलेल्या माणसानेच कायद्याच्या बाहेरची सेना उभी करावी, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. आपल्या शेजारच्या बिलोली भागात अर्जापूरजवळ १९४६ साली गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. पुढच्या दोन वर्षांत कितीतरी घरांनी गुरेढोरे, पेरलेली शेते सोडून हद्दीपलीकडे उमरखेड, सोलापूरकडे आसरा घेतला. हैदराबाद शहरात 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना ठार मारण्यात आले. ते मुसलमान होते. अत्याचार करणाऱ्याचा धर्म पाहून आपण माणसे मोजू लागलो, तर शोएबुल्ला खान यांना कुठे ठेवणार?

एवढे सारे घडत असताना न्यायालयांची दारे रोज सकाळी उघडत होती. पण रात्री गावात शिरणाऱ्या टोळीला अडवायला ठाण्यातून कोणी निघाले नाही, तर सकाळी उघडणारे न्यायालय काय कामाचे? पोलीस, फौज आणि न्यायालय ही तिवईच्या तीन पायांसारखी असतात. एक मोडला की तिवई पडते.

पाच दिवस आणि त्यानंतरचे दिवस

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजामाने माघार जाहीर केली आणि १८ ला त्याचे सेनापती एल् इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. पाच दिवसांत झेंडा बदलला. रझाकारांची संघटना मोडण्यात आली. लोकांनी मोकळा श्वास घेतला. इथपर्यंतची कथा आपण दरवर्षी सांगतो.

कथेचा पुढचा भाग आपण सांगत नाही. त्यानंतरच्या दिवसांत आपल्याच भागात सूडाने गावेच्या गावे पेटली. ज्यांनी रझाकारांचे काही पाहिले नव्हते, अशा गरीब मुसलमान मजुरांची, विणकरांची, शेतकऱ्यांची घरे लुटली गेली, माणसे मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाहणीसाठी पाठवली. समितीने १९४८ च्या अखेरीस फिरून अहवाल दिला. सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणून त्यात चार नावे होती: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि तिथली कत्तल वीस दिवसांहून अधिक काळ चालल्याचे समितीने लिहिले. संस्थानात एकूण किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली असावीत, असा तिचा अंदाज होता. त्या आकड्याबद्दल मतभेद आहेत. पण मतभेद आकड्याचा आहे, घटनेचा नाही.

समितीने आणखी दोन गोष्टी नोंदवल्या. काही ठिकाणी गणवेशातील माणसांनीच लुटीला उत्तेजन दिले, काही ठिकाणी तर तीत भाग घेतला. आणि दुसरीकडे काही लष्करी अधिकाऱ्यांनी व कितीतरी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबांना वाचवले. एकच वर्दी, एकच हुकूम, पण एका गावात ती ढाल झाली आणि दुसऱ्या गावात तलवार. म्हणजे वर्दीच्या आतल्या माणसाचे मन ही सुद्धा सुधारणेचीच बाब आहे.

तो अहवाल सरकारने त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. अनेक दशके तो सामान्य वाचकाच्या हाती पडला नाही. जखम झाकली की ती भरते, असे त्या वेळच्या कर्त्या माणसांना वाटले असावे. त्यांच्यापुढे नवा देश सांभाळण्याचे ओझे होते, हे आपण समजून घेऊ. पण झाकलेली जखम आतून चिघळते, हेही शेतात राबणाऱ्या आपल्या माणसांना सांगायला नको.

काय सुधारले, काय राहिले

त्या काळात जे चांगले झाले, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वर्षाहून अधिक काळ लष्करी अंमल होता, पण १९५० मध्ये मुलकी मुख्यमंत्री आले आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर लोकांनी निवडलेले सरकार बसले. फौज आपण होऊन बराकीत परतली. जगात कितीतरी देशांत ती परतत नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या आणि त्यांच्याबरोबर जहागिरदारांचे खाजगी पोलीस व खाजगी न्यायही गेले. हळूहळू कचेऱ्यांत लोकांची भाषा आली.

आणि कासीम रझवीचे काय झाले? त्याला जमावाच्या हाती दिले नाही. विशेष न्यायाधिकरणापुढे खटला चालला, त्याला शिक्षा झाली. त्याने थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि १९५३ मध्ये तिचा निकाल लागला. १९५७ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला. ज्याच्या माणसांनी कोणाचे ऐकून घेतले नाही, त्याचे देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने ऐकून घेतले. काहींना हा दुबळेपणा वाटेल. आम्हाला वाटते, सतरा सप्टेंबरचा खरा विजय कुठे असेल तर तो इथे आहे.

पण तराजूचे दुसरे पारडे रिकामे राहिले. रझाकारांचा म्होरक्या न्यायालयात उभा राहिला. त्यानंतरच्या दिवसांत ज्या विणकराचे घर जळले, त्याच्या बायकोला सांगायला कोणी आले का, की बाई, तुझ्यावर अन्याय झाला आणि तो आमच्या बाजूच्या माणसांनी केला?

आमचे म्हणणे एवढेच आहे. पोलीस, लष्कर आणि न्याय यांची सुधारणा झाली की नाही, हे जिंकलेल्या माणसाला विचारून कळत नाही. हरलेल्या बाजूचा सर्वांत गरीब माणूस न भिता ठाण्याची पायरी चढू शकतो का, यावरून ते कळते.

इतरांनी काय केले

इतर देशांनी हे ओझे कसे उचलले, तेही पाहू. इराकमध्ये २००३ साली अमेरिकी प्रशासनाने संपूर्ण फौज एका हुकमाने बरखास्त केली. लाखो माणसे बंदुका हाताळायला शिकलेली, पण बिनपगारी आणि अपमानित. त्या देशात पुढे पेटलेल्या आगीला हेही एक सरपण मिळाले. सर्वांना एकाच दोरीत बांधून हाकलणे म्हणजे सुधारणा नव्हे.

उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट समाजांत तीस वर्षे रक्त सांडले. तिथल्या पोलीस दलात शंभरात आठच कॅथलिक होते, जरी लोकसंख्येत ते चाळीसहून अधिक होते. १९९९ मध्ये पॅटन आयोगाने दलाचे नाव, बोधचिन्ह, प्रशिक्षण सारे बदलायला सांगितले. २००१ पासून दहा वर्षे भरती निम्मी-निम्मी झाली. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासायला पोलिसांबाहेरचा स्वतंत्र अधिकारी नेमला गेला. भांडण पूर्ण मिटले असे नाही, पण कॅथलिक आई आपल्या मुलाला पोलिसात पाठवू लागली. ही लहान गोष्ट नाही.

एल साल्वादोरमध्ये आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी २३ मार्च १९८० च्या प्रवचनात थेट सैनिकांना आवाहन केले, की आपल्याच भावांना मारण्याचा हुकूम पाळू नका. दुसऱ्या दिवशी मिस्सा अर्पण करताना त्यांना गोळी घातली गेली. १९९२ च्या तहानंतर तिथली जुनी पोलीस दले मोडून नवे नागरी पोलीस दल उभे राहिले. १९९३ मध्ये सत्यशोधन आयोगाने अहवाल दिला, आणि काही दिवसांतच सर्वांना सरसकट माफी देणारा कायदा झाला. तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. दक्षिण आफ्रिकेत मात्र आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या आयोगापुढे माफी मागणाऱ्याला आधी पूर्ण सत्य सांगावे लागे. सात हजारांहून अधिक अर्ज आले, त्यांतले बहुतेक फेटाळले गेले.

आपण क्षमेचा उपदेश नेहमी ऐकतो. पण क्षमा ही दुखावलेल्या माणसाची ठेव आहे. विधवेच्या वतीने सरकार क्षमा करू शकत नाही, आणि जिंकलेली बाजू स्वतःलाच क्षमा करून मोकळी होऊ शकत नाही. आधी सत्य सांगायचे. मग क्षमेचा शब्द ज्याचा त्याला बोलू द्यायचा.

शिपायांनी विचारलेला प्रश्न

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात यार्देन नदीकाठी योहान बाप्तिस्ताकडे काही शिपाई येतात आणि विचारतात, आम्ही काय करावे? योहान त्यांना वर्दी उतरवून टाका असे म्हणत नाही. तो तीन साध्या गोष्टी सांगतो. धाक दाखवून पैसे उकळू नका. कोणावर खोटा आळ घेऊ नका. पगारात समाधान माना. दोन हजार वर्षांनंतर तज्ज्ञांच्या जाड अहवालांतही शेवटी याच तीन गोष्टी निघतात: हप्ता, खोटी केस आणि पगार.

तिसरी गोष्ट आपण नेहमी विसरतो. शिपाई हाही कोणाचा तरी मुलगा आहे. सण आपला, बंदोबस्त त्याचा. सोळा-सोळा तास उभे राहून, गळक्या क्वार्टरमध्ये राहून, वरिष्ठांच्या शिव्या खाऊन तो घरी जातो. ज्याला स्वतःला मानाने वागवले जात नाही, तो दुसऱ्याला मान कोठून देणार? सुधारणेची मागणी करताना त्याच्या सुट्टीची आणि छपराचीही मागणी आपण केली पाहिजे.

खुर्ची कोणाला मिळाली?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका विधवा बाईला धुऱ्याच्या भांडणात दिराने काठीने मारले. ती एका ठाण्यात गेली. पहिल्या दिवशी सांगितले, साहेब बंदोबस्ताला गेलेत. दुसऱ्या खेपेला सांगितले, घरचे भांडण आहे, घरात मिटवा. तिसऱ्या खेपेला आम्ही दोघे-तिघे सोबत गेलो. इस्त्रीचे कपडे, खिशाला पेन. लगेच खुर्च्या आल्या, चहा आला, तक्रारही लिहून घेतली. आम्ही समाधानाने बाहेर पडलो. घरी पोहोचल्यावर ध्यानात आले की खुर्च्या आम्हाला मिळाल्या होत्या. मार खाल्लेली बाई शेवटपर्यंत उभीच होती, आणि आम्ही बसलेलो होतो.

दोष फक्त त्या ठाण्याचा नव्हता. निजामाच्या काळातली सवय आमच्याही अंगात होती.

१८६१ चा पोलीस कायदा इंग्रजांनी रयतेला दाबात ठेवण्यासाठी केला होता. स्वातंत्र्य आले तरी ती घडण फारशी बदलली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात राज्यांना सांगितले, की पोलिसांना राजकीय दडपणातून सोडवा आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरणे नेमा. तरी काम अपुरेच आहे. शेजारच्या परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये एका तरुण विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, हे सांगायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला.

आणि आपण? डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार व खुनाच्या गुन्ह्यातील चार आरोपी पोलिसांच्या गोळीने मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. आपल्यातही अनेकांना आनंद झाला. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाच्या २०२२ मध्ये उघड झालेल्या अहवालाने सांगितले, की चकमकीची कथा बनावट होती आणि पोलिसांनी मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या. त्या मुलीला न्याय हवा होता, यात शंका नाही. पण खटल्याशिवाय मारण्याची मुभा आज आपण आवडत्या कारणासाठी दिली, तर उद्या ती नावडत्या माणसासाठी वापरली जाईल, आणि तो नावडता माणूस आपल्याच घरातला असू शकेल. रझाकारांना मोकळे रान मिळाले तेही असेच.

बंधुभगिनींनो, दूरच्या देशांतल्या फौजा आपण सुधारू शकत नाही. पण चार गोष्टी आपल्या हातात आहेत. आपला मुलगा पकडला गेला, तर सुटकेसाठी पुढाऱ्याला फोन लावायचा नाही, वकील लावायचा. तक्रारीची नोंद झाली की तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची. ठाण्याने नोंद नाकारली, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचे आणि तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचे. कायद्याने ही वाट सर्वांना दिली आहे, मग तो पारधी असो, मातंग असो, मुसलमान असो की पाटील. आणि कोणा गरिबाबरोबर ठाण्यात गेलो, तर आधी त्याला बसायला सांगायचे.

पुढच्या १७ सप्टेंबरला झेंड्याला वंदन करून आपण घरी येऊ, तेव्हा मुलांना पूर्ण कथा सांगू या. पानसऱ्यांची, शोएबुल्ला खानांची, आणि त्या विणकराचीही, ज्याचे नाव आपल्याला कोणी सांगितले नाही. गावातल्या म्हाताऱ्या मुसलमान आजोबांकडे घटकाभर बसून त्यांनाही विचारू या, "तुमच्या घरी तेव्हा काय झालं होतं?" ते बोलतील, किंवा बोलणार नाहीत. पण कोणीतरी विचारले, हे त्यांच्या कानावर पडू द्या.

ज्या दिवशी आजी पोलिसांची गाडी पाहून दार उघडेच ठेवील, त्या दिवशी पाच दिवसांत सुरू झालेले काम पूर्ण झाले असे म्हणू. तोवर ते आपल्याकडे उरलेले काम आहे.